चांदीचे आकारमान आणि तोळ्याचा हिशेब

रमजान जवळ आला की हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या पुष्कळ घरांत जकातीसाठी चांदीचा हिशेब निघतो. आम्ही कापडवाले मीटर डोळे झाकून मानत नाही, मग चांदीच का अंदाजाने धरावी?

वस्तू दोऱ्याने बांधून काठोकाठ भरलेल्या भांड्यात बुडवा व सांडलेले पाणी तोला. 1 ग्रॅम पाणी म्हणजे 1 घन सेंटिमीटर. शुद्ध चांदी तेवढ्या जागेत 10.49 ग्रॅम भरते, तांबे 8.96. पाणी 20 ग्रॅम सांडले, तर चांदी 209.8 ग्रॅम हवी. काटा 190 दाखवत असेल, तर तांब्याची भेसळ किंवा आत पोकळी समजावी. शिसे मात्र 11.34 भरते, म्हणून शेवटचा निर्णय कसोटीवरच.

दुसरी चूक तोळ्याची. निसाबचे साडेबावन्न तोळे जुन्या 11.664 ग्रॅमच्या तोळ्याने 612.36 ग्रॅम होतात. बाजारातल्या 10 ग्रॅमच्या तोळ्याने 525 च. एवढा फरक लहान नव्हे.

सूरह मुतफ्फिफीनमध्ये माप-तोलात कमी देणाऱ्यांना सक्त ताकीद आहे. तेव्हा बांधवांनो, पावतीवर ग्रॅम व शुद्धता दोन्ही लिहून घ्या आणि लिहून द्या. मापात पाप नको.