लाजेपायी दुखणे लपवू नका



आज आम्ही ज्या दुखण्याविषयी लिहीत आहोत, ते घरात कोणी बोलून दाखवीत नाही. शौचाच्या जागेजवळ गळू येते, फुटते, पू वाहतो. महिना-दोन महिने बरे वाटते आणि पुन्हा तेच. यालाच भगंदर म्हणतात. भंडारा जिल्ह्यात दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या आमच्या मायबहिणी तर हे मुकाट्याने अंगावर काढतात.

लाज कशाची? विनयपिटकाच्या महावग्गात मगधाचा राजा बिंबिसार याच्या भगंदराची हकिकत आहे. वस्त्राला रक्त लागे, राण्या हसत, राजा ओशाळे. अखेर त्याने आपल्या मुलाला सांगितले, तेव्हा जीवक वैद्य आला आणि राजा बरा झाला. राजालाही आधी तोंड उघडावे लागले!

बहुतेक भगंदर गुदद्वाराच्या आतील ग्रंथीत नेहमीचे जंतू शिरल्याने होतात व ऑपरेशनने बरे होतात. पण ऑपरेशन होऊनही जखम भरेना, पुन्हा पुन्हा वाहू लागली, तर निराळ्या जंतूचा संशय घ्यावा. आपल्या देशात त्यात पहिला क्षयाचा. खोकला नसतानाही क्षय या जागी होऊ शकतो. दुसरा जंतू फार विरळा, ॲक्टिनोमायसिसचा. त्याच्या पुवात कधी कधी बारीक पिवळे कण दिसतात. त्याला पेनिसिलिन कित्येक महिने लागते, क्षयाला निदान सहा महिने औषध. नुसती चिरफाड पुरत नाही.

म्हणून ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरसाहेबांना विचारा, "काढलेला तुकडा तपासायला पाठवाल ना? क्षयाचीही तपासणी होईल ना?" सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकला तर जंतू मरतात, मग ते प्रयोगशाळेत वाढवून पाहता येत नाहीत. थोडा भाग सलाईनमध्ये वेगळा ठेवावा लागतो. एवढा एक प्रश्न दुसरे-तिसरे ऑपरेशन वाचवू शकतो.

सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी व औषधे मोफत आहेत. नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १००० रुपये रुग्णाच्या खात्यात जमा करण्याची योजना आहे. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. आणि 'एका दिवसात भगंदर साफ' अशी पाटी लावणाऱ्या भोंदूच्या हाती घामाचा पैसा देऊ नका.

आज घरी एकदा विचारा, कोणी सोसत तर नाही ना?