माणूस ओळखीचा, पण पावती?

धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. खर्च सगळा मुलीकडचा. (तो का, यावर मी घरात पुरेशी भांडले आहे, इथे पुन्हा नको.) जेवणाचं कंत्राट कुणाला, हा प्रश्न मात्र पाच मिनिटांत सुटला. “केटरर ओळखीचा आहे,” भावजी म्हणाले. मंडपवाला केटररच्या ओळखीचा, फोटोग्राफर मंडपवाल्याच्या. मी कागदाचं नाव काढलं. “ताई, घरचं कार्य आहे, कागद कसले करता?” पतसंस्थेचं कर्ज बहिणीच्या नावावर होतं, पण तिला कुणी काही विचारलं नाही. तिनंही विचारलं नाही.

तीनशे ताटं ठरली होती. हिशेब आला चारशे दहाचा. मोजली कुणी? केटररच्याच माणसानं. हिशेब आला कधी? ऐन पाठवणीला. लेक गळ्यात पडून रडते आहे आणि तो शेजारी कागद घेऊन उभा. त्या क्षणी कोणती आई भांडेल? बहिणीनं आहेराची पाकिटं तिथंच फोडली. ती वेळ त्यानं चुकून निवडली, असं मला वाटत नाही.

आपण भरवसा म्हणतो तो पुष्कळदा पुरुषांचा एकमेकांशी असलेला परिचय असतो. त्यात पैसे बाईचे असतात, शब्द मात्र तिचा नसतो. आणि कागद मागितला की मुलीकडच्यांची अब्रू जाते म्हणे!

मैत्रिणींनो, ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, तीही दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असंही नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करून आधी विचारताही येतं. पण आयोगापुढे ठेवणार काय? आगाऊ रकमेची पावती हवी. ताटांचा किमान आकडा, जास्तीच्या ताटाचा दर, मोजणी कोण करणार आणि कार्य रद्द झालं तर किती परत, एवढं एका पानावर मावतं. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा माझ्या माहितीतल्या दोन घरांनी हॉलच्या आगाऊ रकमेसाठी महिनोन्‌महिने हेलपाटे घातले. दोघांकडेही पावती नव्हती.

त्या लग्नात मी दुपारी भटारखान्यात डोकावले होते. पहाटे चारपासून पाच बाया पोळ्या लाटत होत्या. एक म्हणाली, “वाढप्यांचे पैसे आजच मिळतात. आमचे मागच्या कार्याचेच यायचेत.” समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, पण पोळी लाटणं हे वाढप्याच्या कामासारखं काम आहे असं मुळात मानतं कोण? केटरर कसा आहे ते वधूपित्याला नाही, या बायांना विचारावं. त्यांचे पैसे बुडवणारा आपला हिशेब सरळ कशाला ठेवील?

यंदा धाकट्या भाचीचं लग्न झालं. बहीण केटरर ठरवायला स्वतः गेली. आधी मागच्या दारानं, पोळ्या करणाऱ्यांकडे. दोघांकडून तशीच परत आली. तिसरा म्हणाला, “साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो.” ती म्हणाली, “पैसे माझे आहेत, माझ्याशीच बोला,” आणि वही उघडून बसून राहिली. अर्ध्या तासानं त्यानं सही केली. लग्नाच्या दिवशी ताटं मोजायला तिनं भिशीतल्या दोघींना बसवलं होतं. दोनशे चौऱ्याऐंशी भरली.