लस लागू पडेपर्यंत काय?

तामिळनाडूतल्या तिरुविडैमरुदूरला मराठी माणूस जातो तो महालिंगस्वामींच्या दर्शनाला. 1798 मध्ये तंजावरची गादी गेल्यावर तिथले मराठा राजे अमरसिंह याच गावी येऊन राहिले, हेही काहींना ठाऊक असते. पण या भागातल्या गोठ्यांचे आणि आपल्या गोठ्यांचे दुखणे एकच आहे, याकडे कोणाचे लक्ष नाही. तिथे त्याला कोमारी म्हणतात, आपल्याकडे लाळ-खुरकूत.

2013 च्या साथीने कर्नाटक आणि तामिळनाडूत हाहाकार उडवला. कावेरीकाठही सुटला नाही. तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, जिभेची साल निघते, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात. शेतकरी पोटॅशच्या पाण्याने खूर धुतो, तोंडात बोरिक-ग्लिसरीन लावतो. थेट विषाणूवर घाव घालील असे औषध त्याच्याकडे नाही आणि डॉक्टरांच्या पेटीतही नाही.

लस आहे. केंद्राने 2019 मध्ये 13,343 कोटींची लसीकरण मोहीम आखली, 2030 पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले. पण लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला आठवडाभर तरी जातो आणि रोग दोन दिवसांतही डोके वर काढतो. शेजारच्या गावात साथ आली की या आठवड्यात गोठा उघडा पडतो. खरा धोका इथे आहे.

जनुक गप्प करण्याचे तंत्र नेमके इथे कामी येऊ शकते. विषाणूच्या आरएनएशी जुळणारा जेमतेम 21 अक्षरांचा आरएनएचाच तुकडा पेशीत सोडला, की पेशीच विषाणूचा तो संदेश कापून टाकते. या प्रक्रियेच्या शोधाला 2006 मध्ये नोबेल मिळाले. त्याआधी वर्षभर, 2005 मध्ये, आपल्याच उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरच्या संशोधकांनी लाळ-खुरकुतीच्या विषाणूची वाढ काचपात्रातल्या पेशींत अशा तुकड्यांनी रोखून दाखवली होती! चीनने डुकरांपर्यंत मजल मारली. आपले काम गोठ्यापर्यंत आलेच नाही.

अडचणी खऱ्या आहेत. हे तुकडे रक्तात टिकत नाहीत, तीन-चारशे किलोंच्या गाईला पुरेल इतका डोस महाग पडतो आणि सतत रूप पालटणारा हा विषाणू एखादे अक्षर बदलूनही निसटतो. म्हणून एकाच वेळी अनेक ठिकाणी मारा करावा लागेल. उद्या कोणी ‘जनुकीय इंजेक्शन’ विकायला दारात आला, तर त्याला परत पाठवा. गोठ्यात वापरण्याजोगे असे औषध आज नाही.

ते व्हावे यासाठी चाचण्या गुरांवरच घ्याव्या लागतील, त्याही कडेकोट बंदिस्त प्रयोगशाळेत. संस्था आहेत: तंजावरच्या सरफोजीराजांच्या अन्नछत्रामुळे ओळखल्या जाणाऱ्या ओरत्तनाडूत आज पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपुरात आपले पशुविज्ञान विद्यापीठ आहे. गुरांच्या लम्पी रोगाने 2022 मध्ये जळगावपासून राज्यभर घातलेला धुमाकूळ पाहूनही या संस्थांना एकत्र आणण्याची निकड सरकारला वाटू नये, हा करंटेपणा आहे. केंद्राने आणि तामिळनाडू व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी येत्या अर्थसंकल्पात या चाचण्यांसाठी स्वतंत्र तरतूद करावी. आणि तोवर पशुपालकांनी दर सहा महिन्यांची लस एकाही जनावराची चुकवू नये.