समुद्राकडची खिडकी आणि काचेचे गणित

मालवण (प्रतिनिधी) - सिंधुदुर्गला १९९७ मध्ये पर्यटन जिल्ह्याचा दर्जा मिळाला आणि त्यानंतरच्या काळात मालवण, तारकर्ली, देवबाग परिसरातील घरांचे रूप पालटत गेले. चिऱ्याच्या भिंती, उतरती कौले, पुढची पडवी आणि लाकडी गजांच्या खिडक्या यांची जागा अनेक ठिकाणी स्लॅब आणि भिंतभर काचांनी घेतली. घरातून समुद्र दिसावा ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र या किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेला आहे आणि दुपारनंतरचे ऊनही पश्चिमेचेच. काचेतून आत आलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी मग वातानुकूलन यंत्र येते आणि विजेचे बिल वाढते.

यावर दुहेरी काचेचा उपाय सुचवला जातो. हा उपाय मुळात थंड प्रदेशांतला. तेथे घरात वीस अंश आणि बाहेर शून्याखाली अशी स्थिती असते. काचांमधली हवेची पोकळी आतली ऊब राखते. मालवणात बाहेर ३३ आणि आत २५ अंश धरले, तरी फरक आठच अंशांचा. साध्या एकेरी काचेतून या फरकामुळे दर चौरस मीटरला सुमारे ४६ वॉट उष्णता आत येते, दुहेरी काचेतून सुमारे २२. म्हणजे बचत जेमतेम २४ वॉटची.

खरा शत्रू ऊन आहे. काचेवर चौरस मीटरला ५०० वॉट ऊन पडते असे धरल्यास साधी काच त्यातील सुमारे ४१० वॉट आत सोडते. साधी दुहेरी काचही साधारण ३५० वॉट सोडतेच. याउलट सौर उष्णता-लाभ गुणांक ०.३ असलेली काच हे प्रमाण १५० वॉटवर आणते. म्हणून दुकानात 'काच दुहेरी आहे का' यापेक्षा 'हा गुणांक किती' हा प्रश्न आधी विचारावा. केवळ गडद रंगाची काच घेणे पुरेसे नाही; ती उजेड अडवते, पण स्वतः तापून उष्णतेचा काही भाग आत सोडते.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या 'इको-निवास संहिता २०१८'नेही उष्ण-दमट प्रदेशासाठी वाऱ्याला महत्त्व दिले आहे. खिडक्यांचे उघडणारे क्षेत्र घराच्या जमिनीच्या क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असावे, असे ती सांगते. संहिता मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींसाठी असली, तरी लहान घरालाही हे प्रमाण मार्गदर्शक ठरावे. १२ चौरस मीटरच्या खोलीला त्यानुसार दोन चौरस मीटर उघडी खिडकी हवी. दोन पाटांची सरकती खिडकी निम्मीच उघडते. बिजागरीची सुमारे ९० टक्के. तेव्हा सरकत्या खिडकीला चार चौरस मीटर काच लागेल, बिजागरीच्या खिडकीला सव्वादोन पुरेल.

खाऱ्या हवेचा विचारही टाळता येत नाही. दुहेरी काचेच्या कडांचे सील निकामी झाले की पोकळीत दमट हवा शिरते आणि काच आतून धुरकट होते. ती पुसता येत नाही. चांदीचा सूक्ष्म मुलामा असलेली काच तर अशा बंद पोकळीतच टिकते. एकेरी काच घ्यायची असेल, तर काच बनतानाच भाजून पक्का केलेला कठीण मुलामा निवडावा. चौकटीला साधे लोखंड टाळलेलेच बरे.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र काचेबाहेरचा आहे. पडवी किंवा रुंद छज्जा वरचे ऊन आणि पावसाची झड अडवतो. मावळतीचे तिरपे ऊन छज्जाखालून येते. त्यासाठी बाहेरून झडपा वा चिकाचे पडदे हवेत. आतला पडदा ऊन अडवतो तेव्हा उष्णता घरात आलेलीच असते.

मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळानंतर किनाऱ्यावरील गावे अनेक दिवस अंधारात होती. वीज नसताना न उघडणाऱ्या काचेमागे राहणे अशक्यच. त्यामुळे खर्चाचा क्रम आधी सावली, मग वारा आणि शेवटी काच असा ठेवणे हेच या किनाऱ्यावर शहाणपणाचे ठरेल.