पिशवी कोण भरतं?



यंदा एप्रिल-मे असे दोन महिने मी अमेरिकेत, न्यू जर्सीला, धाकट्या बहिणीकडे होते. तिचा अकरा वर्षांचा मुलगा बेसबॉल खेळतो. पण वस्तीतल्या संघात नव्हे, 'ट्रॅव्हल टीम'मध्ये. म्हणजे चाचणी घेऊन मुलं निवडणारा खासगी क्लब. हंगामात बहुतेक शनिवार-रविवारी वेगळ्या गावी स्पर्धा, हॉटेलात मुक्काम. क्लबची फी, गणवेश, हॉटेल, पेट्रोल धरून वर्षाला काही हजार डॉलर जातात. हा हिशेब त्या घरात वहीत लिहिलेला आहे. मला लिहायचंय ते वहीत नसलेल्या हिशेबाबद्दल.

सामानाची यादीच बघा. हेल्मेट, ग्लोव्ह, खिळ्यांचे बूट. बॅट, आणि तीही त्या स्पर्धेत चालणारा शिक्का असलेली. एका संघटनेला चालणारी बॅट दुसरीला चालत नाही. दोन रंगांचे शर्ट, बेल्ट, लांब मोजे. पांढरी पँट, जी शनिवारी रात्री हॉटेलच्या टबात भिजवून रविवारी सकाळी परत घालायची असते. वयाचा दाखला. बर्फाचा कूलर, पाणी, पराठे, घडीच्या खुर्च्या, छत्र्या, औषधं. अनेक स्पर्धांत हॉटेलही आयोजकांच्या यादीतलंच घ्यावं लागतं, त्यामुळे ते आठवडे आधी ठरवायचं.

बहिणीचा नवरा आळशी नाही. तो गाडी चालवतो, सामान उचलतो, मुलांचा सराव घेतो. पण पिशवीत काय हवं, काय संपलंय, काय वाळलेलं नाही, हे बुधवारपासून घोळत असतं ते तिच्या डोक्यात. सामान उचललेलं चारचौघांना दिसतं, घोळणं दिसत नाही. मी तसं म्हटलं तर ती हसली. "अगं ताई, काम कुठं करते मी? मी फक्त लक्षात ठेवते."

ते 'फक्त' मला खटकलं. २०१९ मध्ये समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंगर यांनी अमेरिकन जोडप्यांच्या मुलाखतींवरून नेमक्या या कामाची फोड केली: गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि झालं की नाही यावर नजर ठेवणं. निर्णयाच्या वेळी नवरा-बायको बरेचसे बरोबर असतात. आधी ओळखणं आणि नंतर नजर ठेवणं मात्र बहुतेक बायकोकडे. म्हणजे अधिकार दोघांचा आणि काळजी एकटीची!

मैदानावरही हीच वाटणी. मायकेल मेसनर आणि सुझेल बोझाडा-डीस यांनी कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या फुटबॉल-बेसबॉल संघांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. प्रशिक्षक बहुतेक बाप आणि खाऊ, फोन, वर्गणी सांभाळणाऱ्या जवळजवळ सगळ्या आया. त्यांना नावच 'टीम मॉम'. हे कोणी ठरवलं, असं विचारलं की उत्तर येतं, आपोआप झालं.

आपोआप काहीच होत नाही, हे याच न्यू जर्सीत सिद्ध झालेलं आहे. १९७२ मध्ये होबोकेन गावात मारिया पेपे ही बारा वर्षांची मुलगी 'लिटल लीग'च्या संघात तीन सामने खेळली. मुलींना मनाई असल्याने लीगने गावाची मान्यता काढून घेण्याची धमकी दिली आणि तिला संघ सोडावा लागला. 'नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन' या स्त्री-संघटनेने तिच्या वतीने तक्रार गुदरली. १९७३ मध्ये सुनावणी अधिकारी सिल्व्हिया प्रेस्लर यांनी मुलींच्या बाजूने निकाल दिला आणि १९७४ मध्ये लीगला नियम बदलावा लागला. तोवर मारियाचं खेळायचं वय उलटून गेलं होतं. पुढच्या मुलींना मात्र दार उघडं झालं.

दार उघडलं, पण पिशवी राहिली. माझी भाची चौदा वर्षांची आहे. तिचे शनिवार-रविवार भावाच्या मैदानाकडेला घडीच्या खुर्चीत जातात. भावाचा बेल्ट कुठे आहे, हे आईखालोखाल तिलाच ठाऊक असतं. त्याला ठाऊक नसतं. तो बेसबॉल शिकतोय आणि ती 'टीम मॉम' व्हायला शिकतेय. मला चिंता वाटते ती याची.

हे अमेरिकेतलं म्हणून सोडून देऊ नका. क्रिकेटच्या शिबिराला निघालेल्या मुलाचं किट आपल्याकडे कोण भरतं? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषांची ९७. पोळ्या लाटण्याची मिनिटं मोजता येतात. पण पोळ्या लाटताना उद्याचा डबा, सासूबाईंची गोळी आणि मुलाचे बूट आठवत राहणं कुठल्या रकान्यात भरायचं?

म्हणून एक सुचवते. गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आठवडाभर आपण काय काय लक्षात ठेवलं ते कागदावर उतरवून आणावं. तो कागद मोठ्याने वाचावा आणि मग घरी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर भिंतीवर लावावा. 'मला मदत करा' असं म्हणू नये. मदत म्हटलं की काम आपलंच ठरतं. त्यातली कामं नावानिशी वाटून द्यावीत, लक्षात ठेवण्यासकट. एखादा बेल्ट घरी राहील, एखादा सामना बाकावर बसून काढावा लागेल. राहू दे. अकरा वर्षांच्या मुलाला स्वतःची पिशवी भरता येते. आणि चौदा वर्षांच्या मुलीला रविवार मोकळा मिळायलाच हवा.