चाळीस मीटरांच्या अलीकडे

सॅन फ्रान्सिस्कोच्या वायव्येला, पॉइंट रेयीजच्या किनाऱ्यापासून सुमारे ३५ किलोमीटर आत समुद्रात ‘कॉर्डेल बँक’ नावाचे ग्रॅनाइटचे बुडालेले पठार आहे. त्याचा सर्वांत उंच माथासुद्धा पाण्याखाली सुमारे ३५ मीटरवर आहे. एडवर्ड कॉर्डेल यांनी १८६९ मध्ये त्याचे सर्वेक्षण केले. पण त्या खडकावर माणूस उतरायला १९७८ साल उजाडावे लागले. उतरले तेही नौदलाचे पाणबुडे नव्हेत, तर रॉबर्ट श्मीडर या भौतिकशास्त्रज्ञाने जमवलेले हौशी स्वयंसेवक. गढूळ हिरव्या, थंडगार पाण्यातून खाली गेल्यावर टॉर्चच्या उजेडात त्यांना दिसले ते लाल-गुलाबी सागरफुलांनी, स्पंजांनी आणि जांभळट हायड्रोकोरलने गच्च भरलेले खडक. त्यांनी गोळा केलेल्या नमुन्यांचा आणि छायाचित्रांचा उपयोग पुढे झाला आणि १९८९ मध्ये या भागाला सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला.

ही गोष्ट ऐकून कोणालाही वाटेल, हौशी मंडळींना जमले तर आपल्याला का नाही? प्रश्न हिमतीचा असता तर हरकत नव्हती. तो रक्तात विरघळणाऱ्या नायट्रोजनचा आहे.

पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. ३५ मीटरवर तो जमिनीवरच्या साडेचारपट होतो आणि प्रत्येक श्वासात हवाही साडेचारपट जाते. बारा लिटरचा, २०० बार भरलेला सिलिंडर म्हणजे सुमारे २,४०० लिटर हवा. त्यातली ६०० लिटर राखीव ठेवली तर उरतात १,८००. जमिनीवर मिनिटाला २० लिटर घेणारा माणूस तिथे ९० लिटर ओढतो. म्हणजे उतरणे-चढणे धरून जेमतेम वीस मिनिटे. पाणी थंड असेल, प्रवाह ओढत असेल किंवा माणूस घाबरला असेल, तर त्याहूनही कमी. वाटेत न थांबता थेट वर येता येईल अशी मुदत या खोलीवर दहा ते पंधरा मिनिटांचीच असते. आणि हा हिशेब करायचा तो मेंदू तीस मीटरनंतर थोडा झिंगलेला असतो. नायट्रोजनची ही गुंगी दारूसारखीच फसवी. ज्याला चढते त्याला आपण अगदी शुद्धीवर आहोत असेच वाटते. हौशी डायव्हिंगची मर्यादा चाळीस मीटरवर आखली आहे ती उगाच नव्हे.

घाईने वर आले की विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. सोड्याची बाटली झटकन उघडल्यासारखेच. सांधे ठणकतात, बोटे बधिर होतात, क्वचित पायांतली शक्ती जाते. जे. एस. हाल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची तक्ते मांडली. आजचे मनगटावरचे डाइव्ह कॉम्प्युटर त्याच विचाराचे वारस आहेत. मात्र सुमारे चौघांतल्या एकाच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांमध्ये जन्मजात छोटे छिद्र उघडे राहिलेले असते आणि बुडबुडे तिथून थेट मेंदूकडे जाऊ शकतात, हे त्या यंत्राला कळत नाही.

आता हे सारे कोकणाशी कसे जोडलेले आहे? तारकर्ली-मालवणला रोज शेकडो पर्यटक प्रशिक्षकाचा हात धरून काही मीटर खाली जातात. तिथे नायट्रोजनची भीती जवळपास नाही. भीती आहे ती श्वास रोखून वर येण्याची. त्याने दोन मीटरवरूनही फुप्फुसाला इजा होऊ शकते. दमा, हृदयविकार, फिट्स, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण या गोष्टी तिथेही विचारल्याच पाहिजेत. ‘इथे सही करा’ म्हणून पुढे सरकवलेला कागद म्हणजे वैद्यकीय तपासणी नव्हे. तो प्रश्नसंच सोप्या मराठीत असावा, वाचून दाखवला जावा आणि एका जरी प्रश्नाला ‘हो’ असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी मिळेपर्यंत पैसे परत मिळावेत. पैसे परत मिळणार नसतील तर माणूस खोटेच बोलतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या आंग्रिया बँकेवर पर्यटन न्यायच्या कल्पना अधूनमधून पुढे येतात. तिथे प्रवाळ आहे, ग्रॅनाइट नाही. पण अंतर आणि खोली यांचा पेच कॉर्डेल बँकेसारखाच. बुडबुड्यांच्या आजारावर लगेच शंभर टक्के ऑक्सिजन आणि नंतर दाबकक्षातले उपचार लागतात. असे कक्ष नौदलाकडे आणि मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांतच सापडतात. बोटीत ऑक्सिजन नसेल, कक्षापर्यंत पोहोचायची वाट आधी ठरलेली नसेल, तर परवाना देण्याचा विचारच होऊ नये.

परतीच्या प्रवासाचाही विसर पडतो. एका साध्या डाइव्हनंतर विमानात बसण्यापूर्वी निदान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास थांबावे, असा सर्वमान्य सल्ला आहे. खोल डाइव्हनंतर त्याच संध्याकाळी घाट चढून कोल्हापूरला निघणाऱ्यानेही घाटाची उंची लक्षात घ्यावी आणि मुक्काम वाढवावा. रात्री खांदा दुखू लागला तर ‘सिलिंडर उचलला असेल’ म्हणून बाम चोळून झोपू नये. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे की आपण आज पाण्याखाली होतो.