ढगातली तिजोरी

“मामा, सगळं क्लाउडवर आहे, आता निर्धास्त झोपा!” असे आश्वासन देणारा एक भाचा हल्ली घरोघरी असतो. वाचकहो, या दिवाळीत तो फराळाला आला की त्याला चकली अवश्य द्या; त्याचे हे वाक्य मात्र गिळू नका.

माझ्या भाच्याने आमच्या संगणकावर ‘आरक्लोन’ नावाचे अवजार बसवून दिले. अवजार उत्तम, शिवाय फुकट. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायची की ते कामाला लागते. (मला हे आवडले. आज्ञा मोघम असली की काय घोटाळा होतो, हे मास्तराइतके कोणाला ठाऊक?) भाच्याने ‘सिंक’ ही आज्ञा रोज रात्री दोनची लावून दिली आणि तो निघून गेला. 2024 च्या मे महिन्यात, सुटीतल्या साफसफाईत, माझ्याच हातून कादंबरीची तीन प्रकरणे पुसली गेली. रात्री दोन वाजता त्या आज्ञाधारक अवजाराने ती ढगातूनही पुसली! मला पत्ता लागला तो जुलैत. तिथल्या केराच्या टोपलीची मुदत तीस दिवसांची; तीही रिकामी.

दोष अवजाराचा नाही. ‘सिंक’ म्हणजे शेजाऱ्याची वही चुकांसकट उतरवणारा मुलगा. शेजाऱ्याने खोडले की हाही खोडतो. याला जतन म्हणणे ही निव्वळ फसवणूक आहे, आणि ती प्रेमापोटी झाली म्हणून क्षम्य ठरत नाही! ‘कॉपी’ ही आज्ञा ढगातली फाइल पुसत नाही. पण बदललेली फाइल जुनीच्या उरावर चढवते. म्हणून आज्ञेला ‘बॅकअप-डिर’ हे शेपूट जोडून तारखेचा निराळा कप्पा द्यावा. जुनी प्रत तिथे सरकते. ‘ड्राय-रन’ जोडले तर काय पुसले जाणार ते आधीच दिसते. हे सारे भाच्याला ठाऊक होते. त्याला घाई होती.

कोणी म्हणेल, मास्तर, एवढा खटाटोप कशाला? ज्यांच्या घरी आईचा आवाज आणि मुलीच्या बारशाची छायाचित्रे एकाच यंत्रात आहेत, त्यांनी तरी मला हे विचारू नये. त्यांनी भाच्याला समोर बसवावे आणि त्यातले एकच छायाचित्र ढगातून परत आणून दाखवायला सांगावे. चहा तोवर थांबेल.

ती तीन प्रकरणे मी पुन्हा लिहिली. सातव्यातली म्हातारी मात्र आता पूर्वीसारखी बोलत नाही.